दोन टक्के द्यावेत का? कर्वेनगरच्या फ्लॅटविक्रीचा माझा रिव्ह्यू

तिसरा मजला, लिफ्ट नाही, इमारत १९९४ची. पुण्यातल्या कर्वेनगरमधला हा वन बीएचके बाबांनंतर माझ्या आणि धाकट्या भावाच्या नावावर झाला. भाऊ बंगळूरला, त्यामुळे विकायची धावपळ माझी आणि सल्ले त्याचे. "ताई, ऑनलाइन टाक. एजंटला दोन टक्के कशाला घालायचे?"

टाकली जाहिरात. 'थेट मालकाकडून' असं ठळक लिहिलं. संध्याकाळपासून फोन सुरू झाले ते बहुतेक एजंटांचेच. "मॅडम, पार्टी तयार आहे, फक्त चावी द्या." जी खरी गिऱ्हाइकं आली, त्यातली निम्मी पहिल्या जिन्यातच गार पडली. लिफ्ट नाही हे जाहिरातीत होतं, पण वाचतंय कोण! वेबसाइटला पाचपैकी दोन तारे.

मग गल्लीतल्याच एजंटकडे गेले. किमतीचं बोलायच्या आधी त्याने विचारलं, "सोसायटी की अपार्टमेंट?" पुण्यात हा प्रश्न कळीचा. सोसायटी, म्हणजे सहकारी संस्था असेल तर सभासदाला शेअर सर्टिफिकेट असतं. अपार्टमेंट असेल तर ते नसतंच, तिथे डीड ऑफ डिक्लरेशन (अख्ख्या इमारतीचा दस्त) आणि डीड ऑफ अपार्टमेंट (आपल्या फ्लॅटचा दस्त) बघतात. आमचं अपार्टमेंट, आणि आधीचे एक गृहस्थ शेअर सर्टिफिकेटवरच अडून बसले होते! या एजंटने गिऱ्हाईकही नेमकं आणलं. तरुण जोडपं, मुलीची आई दोन इमारती सोडून राहते. त्यांना लिफ्टपेक्षा बाळाची आजी जवळ हवी होती. हे त्याला ठाऊक होतं, कारण आजींचा फ्लॅटही त्यानेच मिळवून दिलेला.

भाव मात्र त्याच्यावर सोडू नका. आम्ही ६२ लाख म्हणत होतो, समोरचे ६० वर अडले, तर हा मलाच म्हणतो, "द्या मॅडम, एवढ्यासाठी पार्टी सोडू नका." बरोबरच आहे. दोन लाख उतरले तर दीड टक्क्याच्या हिशोबाने त्याचे तीन हजार जातात, आमचे दोन लाख. शिवाय त्याला समोरूनही मिळणारच. मी स्वतः बसून बोलले, साडेएकसष्टला जमलं.

दलालीही बोलून कमी होते. दोन टक्के मागितले होते, दीडवर आणले. टोकनच्या वेळी काही नाही, पैसे दस्त नोंदल्यावर, आणि हे सगळं आधी लिहून. ९२,२५० रुपये झाले. जीएसटी वेगळा आहे का तेही तेव्हाच विचारून घ्या.

कागदपत्रांना मी वेगळा वकील लावला. व्यवहार पन्नास लाखांच्या वर, म्हणजे घेणाऱ्याने आमच्या रकमेतून एक टक्का टीडीएस (आयकर) कापून सरकारकडे भरायचा. घेणारे दोघं, विकणारे दोघं, म्हणून टीडीएसचे फॉर्म भरावे लागले चार! एजंट म्हणाला, "ते सीए बघतील." वकिलांनी करारातच चौघांच्या रकमांची विभागणी लिहून घेतली, म्हणून नंतर फोनाफोनी झाली नाही.

हाच फ्लॅट मोठ्या सोसायटीत, लिफ्ट-पार्किंगसकट असता, तर मी आधी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला असता. तिथे भाड्याने राहणारेच विकत घ्यायला टपलेले असतात आणि फक्त वकिलाची फी पडते. आमच्या जिन्याला एजंटच हवा होता. त्याला चार तारे. एक कापला, कारण घर दाखवून जाताना पठ्ठ्या दर वेळी पंखे चालू ठेवून जायचा आणि बिल आमच्या नावावर.