लोअर आर्मचे बुश: पॉली टाकले, काढले, परत रबरच टाकलं

गाडी १७ वर्षांची झालीये, विकवत नाही. पुढून टकटक यायला लागली, खड्ड्यात टक, ब्रेक मारला की टक आणि स्टेअरिंग एका बाजूला ओढायचं. मेकॅनिक म्हणाला शॉकअप गेले, पण लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) जिथे सांगाड्याला जोडलेला असतो त्या मागच्या सांध्यातल्या बुशात (दोन नळ्यांमध्ये रबर भरलेला गोल तुकडा) टॉमी म्हणजे लोखंडी पहार घालून हलवलं तर आर्म चांगलाच पुढंमागं होत होता, रबर आतल्या नळीपासून अर्धं सुटलेलं.

सगळ्यांनी डोक्यात भरवलं की पॉलियुरेथेनचे (पॉली, रबरापेक्षा कडक प्लास्टिकसारखं) बुश टाक, जन्माची कटकट जाते. टाकले. पहिले दोन आठवडे मी हवेतच होतो, स्टेअरिंग वळवलं की गाडी लगेच वळणार, ब्रेकला एकदम सरळ. मग हळूहळू रस्त्यातला प्रत्येक खडा सीटमधून कळायला लागला आणि तीन महिन्यांनी कुईकुई सुरू, स्पीडब्रेकरवरून हळू गेलं की जुन्या पलंगावर कुणी कूस बदलतंय असा आवाज.

कारण साधं आहे. रबरी बुशात रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला पक्कं चिकटवलेलं असतं, आर्म वरखाली झाला की काही घासत नाही, रबरच पिळतं आणि परत येतं. पॉलीत आतली नळी फिरते, म्हणजे घासण आलं, म्हणजे ग्रीस आलं, तेही सिलिकॉनचं, सेटसोबत त्याची पुडी येते. माझी पुडी फिटरने फोडलीच नव्हती, नंतर खोक्यात तशीच सापडली! त्यात आमच्या मागच्या बुशाला मुद्दाम पोकळ्या ठेवल्यात, चाक आपटलं की आर्म जरा मागे सरकावा म्हणून, आणि मी तिथे भरीव पॉली ठोकलेलं, मग दणके बसणारच ना.

शेवटी कंपनीचे रबरी घेतले. घेताना बुश हाताने दाबून बघा, बारीक भेगा दिसल्या तर ठेवून द्या, खोक्यात पडून पण रबर म्हातारं होतं. बुश प्रेस मशीनने दाबून आर्ममध्ये बसवताना पोकळ्यांची दिशा जुन्यासारखीच हवी, म्हणून जुना काढायच्या आधी आर्मवर खूण केली. आणि बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडी चाकांवर उभी असताना, जॅकवर चाक लटकत असताना अजिबात नाही. लटकत आवळला की रबर त्याच जागी पकडलं जातं आणि गाडी खाली आली की कायम पिळलेलं राहून लवकर फाटतं. पॉलीच्या आधीचा रबरी सेट वर्षभरात गेला तो बहुतेक याच्यामुळेच, आणि मी शिव्या घातल्या बुश बनवणाऱ्याला. नंतर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) केलंच पाहिजे, नाहीतर टायर एका बाजूने खाल्ले जातात.

बॉल जॉइंट (आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा गोळीचा सांधा) पण ढिला असेल तर आख्खा आर्मच बदला, प्रेसची भानगड नको, फक्त स्वस्त आर्ममधलं रबर फार मऊ असतं ते बघून घ्या.

पॉली अगदीच वाईट आहे असं नाही हं, अँटी रोल बारच्या (वळणावर गाडी कलू नये म्हणून दोन्ही बाजूंची चाकं जोडणारी सळई) बुशला मी ठेवलंय, तिथे बार नुसता फिरतो त्यामुळे चालतं. बारची जाडी मात्र व्हर्नियरने मोजूनच मागवा, एकाच मॉडेलमध्ये दोन जाडीचे बार येऊ शकतात, माझा पहिला सेट त्यातच परत गेला. यावेळी पुडी मी स्वतः फोडून ग्रीस लावलं, अजून तरी आवाज नाही.