यंत्रमागाच्या मोजणीसाठी जीसीसी की क्लँग?

सोलापुरातील यंत्रमागांवर धोट्याच्या फेऱ्या मोजणारे एक छोटे उपकरण आम्ही बनवतो. त्याचा प्रोग्रॅम सी भाषेत असून तो जीसीसी आणि क्लँग या दोन्ही मुक्त स्रोत कंपायलरांमधून, म्हणजे माणसाने लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनांमधून, नेहमी काढला जात असल्यामुळे त्यांच्याविषयीची काही मते अनुभवातून पक्की झाली आहेत.

जीसीसीचे खरे बळ त्याच्या पल्ल्यात आहे. रिचर्ड स्टॉलमन यांचा हा कंपायलर १९८७ साली प्रथम बाहेर आला तो सी भाषेपुरता. आज तो सी++, फोर्ट्रान, एडा अशा भाषा हाताळतो आणि मोठ्या सर्व्हरपासून आमच्या उपकरणातील आठ बिटांच्या एव्हीआर या छोट्या चिपपर्यंत नाना प्रोसेसरांसाठी कोड तयार करतो. क्लँग ज्याच्या आधारावर चालतो त्या एलएलव्हीएममध्येही आता एव्हीआरची सोय आहे. परंतु त्या चिपची लायब्ररी (तयार कोडचा संग्रह) आणि लिंकिंगची (कोडचे तुकडे जोडण्याची) सारी व्यवस्था जीसीसीभोवतीच जमलेली असल्याने तिथे क्लँगचा हट्ट धरणे म्हणजे आडवाटेने जाणे होय.

संगणकावर लिहिताना मात्र मी क्लँगच उघडतो. इलिनॉय विद्यापीठात २००० साली ख्रिस लॅटनर आणि विक्रम अडवे यांनी सुरू केलेला एलएलव्हीएम प्रकल्प सुट्या लायब्ररींच्या रूपात रचलेला आहे, आणि क्लँगचीही रचना तशीच असल्यामुळे टाइप करता करताच चूक दाखवणारे क्लँगडीसारखे साधन त्यातून निघू शकले. विधानाच्या शेवटचा अर्धविराम राहिला तर क्लँग नेमक्या त्या जागी बोट ठेवतो. जुना जीसीसी पुढच्या ओळीवर खापर फोडत असे आणि शिकाऊ मुले भलतीच ओळ दुरुस्त करत बसत. नव्या आवृत्त्यांत ही उणीव बरीचशी भरून निघाली आहे.

जीसीसी वापरला तर आपला कोड उघड करावा लागेल ही परवान्याची धास्ती अनाठायी आहे. जीसीसी जीपीएल या मुक्त परवान्याखाली असला तरी आपल्या प्रोग्रॅमला जोडल्या जाणाऱ्या त्याच्या रनटाइम लायब्ररींना सवलत असल्यामुळे आपला प्रोग्रॅम खुला करावा लागत नाही. फॅब्रिस बेलार यांचा टीसीसी हा तिसरा, छोटा कंपायलर क्षणात कंपाइल करतो, पण कोड वेगवान करण्याचे कष्ट तो फारसे घेत नाही.

जीसीसी आणि क्लँग या दोघांचीही मर्यादा आम्हाला एका मागावर कळली. मिनिटाला सुमारे १२० फेऱ्यांच्या त्या मागावर साडेचार तासांनी आकडा एकाएकी उणे दिसू लागला. एव्हीआरवर ‘इंट’ हा पूर्णांकाचा प्रकार १६ बिटांचा असतो, त्यामुळे ३२,७६७ नंतर तो उलटला होता. टर्बो सी या जुन्या, १६ बिटांच्या कंपायलरवर शिकलेल्या पिढीला हा आकडा तोंडपाठ असतो, मी मात्र तो विसरलो होतो. जीसीसीने सर्व इशारे चालू असतानाही चकार शब्द काढला नव्हता, कारण गणतीत एक मिळवणे ही त्याच्या लेखी चूकच नव्हे. क्लँगचा सॅनिटायझर हा तपासनीस असा ओव्हरफ्लो, म्हणजे मर्यादेबाहेर गेलेला आकडा, चालत्या प्रोग्रॅममध्ये पकडतो, पण आम्ही तो संगणकावर चालवला होता आणि तिथे ‘इंट’ ३२ बिटांचा असल्याने पकडण्यासारखे काही घडलेच नाही. आता गणती ३२ बिटांच्या अनसाइन्ड (उणे आकडे नसलेल्या) प्रकारात ठेवली आहे. त्याच वेगाने माग अहोरात्र चालला तरी ती भरायला सुमारे ६८ वर्षे लागतील.