आयुष्यभराच्या कागदांसाठी आम्लविरहित पेटी

आधी प्रयोगशाळा, मग अध्यापन, पुढे सरकारी समित्या. अशा दीर्घ आयुष्याचे कागद जपायला ही साडेबारा सेंटिमीटर रुंदीची उभी पेटी फार चांगली आहे. पुठ्ठ्यात कॅल्शियम कार्बोनेट हा अल्कलीधर्मी पदार्थ असल्याने जुन्या कागदातून सुटणारं आम्ल निष्प्रभ होतं.

पण हाच गुण ब्लूप्रिंटना मारक! अल्कलीने त्यांचा निळा रंग उडतो. यंत्रांचे असे निळे जुने आराखडे कार्बोनेट नसलेल्या आम्लविरहित फोल्डरमध्ये वेगळे ठेवा. ही सूचना झाकणावर छापायलाच हवी होती.

पेटी अर्धी रिकामी राहिली तर कागद वाकतात, म्हणून उरलेल्या जागेत पुठ्ठ्याची घडी सरकवा. ठासून भरली तर काढताना कडा फाटतात. गंजणाऱ्या टाचण्या आणि रबरबँड आधीच काढा. थर्मल कागदावरचे फॅक्स हळूहळू कोरे होतात. त्यांची साध्या कागदावर झेरॉक्स हवीच.

आणि कृपा करून सगळं विषयवार लावू नका. प्रयोगवहीला समितीची टिपणं चिकटून असतील तर तशीच राहू द्या. एका कामातून दुसरं कसं उगवलं, ते त्या मूळ क्रमातूनच कळतं. फोल्डरवर नाव आणि वर्षं पेन्सिलनेच लिहा.