खापरांचं कोठार की उत्खननाचा खड्डा: पहिलं काम कुठे धरावं?

पुरातत्त्वात एम.ए. झालं की दोन प्रकारची कामं आधी समोर येतात. एखाद्या उत्खननावर हंगामापुरतं सहायक म्हणून जायचं, नाहीतर संग्रहालयाच्या किंवा संस्थेच्या कोठारात नोंदणी-रेखाटनाला बसायचं. मी आधी कोठार केलं, मग खड्डा. आता वाटतं, उलट क्रम असता तर बरं झालं असतं.

कोठाराला कमी लेखू नका. महिन्याच्या महिन्याला पैसे येतात, संध्याकाळी घरी जाता येतं. शिवाय आठवडाभरात जितकी खापरं हाताखालून जातात तितकी खड्ड्यात दोन हंगामांत जात नाहीत. महाराष्ट्रातल्या ताम्रपाषाणयुगीन जोर्वे संस्कृतीचं पातळ, तांबडं, टिचकी मारली की खणकन वाजणारं खापर, सातवाहन काळातली काळी-तांबडी भांडी, कधी अँफोराचा, म्हणजे रोमन व्यापारातल्या दारू-तेलाच्या दोन कानांच्या रांजणाचा, जाडजूड तुकडा. काठाच्या तुकड्यावरून भांड्याचा व्यास काढणं, छेदचित्र काढणं, पट्टी ठेवून फोटो घेणं हे मी तिथेच शिकलो. खापर ओळखायची नजरही तिथलीच.

पण तिथल्याच एका कामाने माझा निर्णय झाला. जुन्या उत्खननातल्या कापडी पिशव्यांची एक रांग मला पुन्हा नोंदवायला दिली होती. खापरं स्वच्छ धुतलेली, प्रत्येक पिशवीत चिठ्ठी. चिठ्ठीवर गावाचं नाव लागत होतं, खड्ड्याचा क्रमांक अर्धामुर्धा, आणि स्तर, म्हणजे खापर मातीच्या कितव्या थरात सापडलं, त्या जागी शाई उडालेली. काही चिठ्ठ्यांची कसरीने जाळी केली होती. भिंग घेतलं, तिरपा उजेड टाकून पाहिला, जुन्या वह्या चाळल्या. शेवटी एकेका पिशवीपुढे ‘स्तर: अज्ञात’ लिहीत गेलो. कुणीतरी उन्हात गुडघे टेकून काढलेलं ते खापर, पण ते आधीचं की नंतरचं हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. त्या दिवसांत मला नीट जेवण गेलं नाही.

पुणे जिल्ह्यातल्या इनामगावचं उत्खनन 1968 साली सुरू झालं, 1983 पर्यंत चाललं आणि अहवाल 1988 मध्ये आला. पहिलं घमेलं उचललं त्याला तेव्हा वीस वर्षं झाली होती. एवढ्या काळात मधला सगळा भरवसा त्या चिठ्ठीवर आणि खड्ड्यातल्या वहीवर असतो. ती चिठ्ठी लिहिणारा सहायक आपण असावं, असं मला वाटू लागलं.

खड्ड्यातलं शिक्षण हळू होतं. सकाळी छेद, म्हणजे खड्ड्याची उभी भिंत, खरवडायचा, पाण्याचा फवारा मारायचा, ऊन तिरपं असतानाच थरांच्या रेघा सुरीच्या टोकाने ओढायच्या. दुपारी तीच भिंत सपाट दिसते. एकदा पांढरीखालच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या पांढरट मातीखालच्या, काळ्या मातीत मणी सापडला आणि मी तो त्याच स्तरात नोंदवायला निघालो. शेजारी खोदणारे गावातले मामा म्हणाले, “दादा, ही भेग हाये, वरून घसरलाय त्यो.” काळी माती वाळली की उकलते, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. ओळखलं मात्र त्यांनी, कारण तसल्याच जमिनीत ते शेती करतात.

अडचणीही खऱ्या आहेत. काम साधारण दिवाळीनंतर सुरू होतं आणि उन्हं तापली की संपतं. मानधन रेंगाळतं, पुढच्या हंगामाची हमी कुणी देत नाही. घरची जबाबदारी असेल तर कोठार बेलाशक धरा. तिथे चांगलं काम करणारी माणसं कमीच आहेत. पण वर्ष-दोन वर्षं निभण्यासारखी असतील, तर माझ्या अनुभवाने आधी दोन हंगाम मातीत घालवावेत. मग कोठारात बसलात की पिशवी उघडताना काय शोधायचं ते कळतं.

मी अजूनही प्रत्येक पिशवीला दोन चिठ्ठ्या करतो, एक आत प्लास्टिकमध्ये, एक बाहेर बांधलेली. दोन्ही शिसपेन्सिलीने.