घरी असेंबल केलेला पीसी, आठ महिन्यांनंतर: पाच महिने क्रॅश आणि तीन महिने शांत

आठ महिन्यांपूर्वी मी स्वतःच्या हाताने पीसी असेंबल केला, त्यातले पहिले पाच महिने तो सारखा क्रॅश होत होता आणि गेल्या तीन महिन्यांत एकदाही झालेला नाही. एवढं सविस्तर लिहितोय कारण माझ्या मशीनला एकाच वेळी दोन वेगवेगळी दुखणी होती, आणि त्यामुळे मी बरोबर उपाय करूनसुद्धा तो चुकीचा समजून परत काढून टाकला, तोही दोनदा.

सेटअप साधाच आहे. रायझन ७००० मालिकेतला प्रोसेसर, डीडीआर५ रॅमच्या १६ जीबीच्या चार स्टिक, मॉड्युलर एसएमपीएस (म्हणजे वीज पुरवणारा डबा, ज्याच्या केबल सुट्या काढता-लावता येतात) आणि विजेचे दोन ८ पिन कनेक्टर लागणारं ग्राफिक्स कार्ड. दिवसा व्हिडिओ एडिटिंग, रात्री गेम. क्रॅश कधीही व्हायचा, कधी दिवसातून तीनदा, कधी चार दिवस काहीच नाही, आणि ते चार दिवस सगळ्यात वाईट कारण आपल्याला वाटतं झालं बाबा ठीक आणि तेवढ्यात टाइमलाइन अर्धी असताना विंडोजची निळी एरर स्क्रीन.

पहिला संशय टेंपरेचरवर. रेंडर लावला की एचडब्ल्यूइन्फो या तापमान वगैरे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसर ९५ डिग्री दिसायचा आणि मी घाबरायचो. दोन आठवडे त्यात घालवले, थर्मल पेस्ट दोनदा बदलली, फॅनची दिशा बदलली. नंतर कळलं की या मालिकेतले नावाच्या शेवटी एक्स असलेले प्रोसेसर ९५ पर्यंत जाण्यासाठीच बनवलेत, तिथे पोचले की स्वतःच स्पीड सांभाळून घेतात, त्यामुळे नुसतं ९५ दिसलं म्हणून मशीन बंद पडत नाही. मग विंडोज नव्याने टाकलं, आणि ही तर मोठीच चूक, कारण रॅमवरच शंका असताना नवं विंडोज टाकलं तर फाइल्स कॉपी होतानाच खराब होऊ शकतात. माझ्याकडे तेच झालं असावं, चार दिवसांत एसएफसी स्कॅननाऊ ही विंडोजच्या फाइल्स तपासणारी कमांड चालवली तर खराब फाइल्स सापडल्या.

आता मुख्य गोष्ट. कंटाळून चारातल्या दोन स्टिक काढल्या. सहा दिवस एकही निळी स्क्रीन नाही! सातव्या दिवशी रात्री गेम खेळताना स्क्रीन एकदम काळी आणि मशीन रीस्टार्ट. मी म्हटलं रॅमचा दोष नाही, आणि दोन्ही स्टिक परत लावल्या. पुढच्या महिन्यात भावाचा एसएमपीएस आणून लावला, आठवडाभर गेम मस्त चालले, आणि मग एडिटिंग करताना निळी स्क्रीन आली, तर म्हटलं एसएमपीएसचाही दोष नाही, आणि माझा जुना परत बसवला. दोन्ही वेळा उत्तर हातात होतं आणि मीच ते सोडून दिलं, हे आज लिहितानाही जिवाला लागतं.

(भावाचा एसएमपीएस लावताना एक काळजी घेतली ती सांगतो. केबल आतून ओवलेल्या आहेत तर त्याच राहू देऊ, फक्त डबा बदलू, असा मोह होतो. करू नका. मॉड्युलर केबलच्या एसएमपीएसकडच्या टोकाची पिनांची मांडणी कंपनीप्रमाणे बदलते, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही, आणि चुकीची केबल लागली तर ड्राइव्ह किंवा बोर्ड जळू शकतो.)

शेवटी एक वही घेतली. तारीख, वेळ, मी काय करत होतो, आणि स्क्रीन निळी की काळी, बस. विंडोजच्या स्टार्टअप अँड रिकव्हरी सेटिंगमध्ये ऑटोमॅटिकली रीस्टार्टची टिक काढली म्हणजे निळी स्क्रीन तशीच थांबून राहते आणि कोड वाचता येतो. १९ नोंदी झाल्यावर एका रात्री वही उघडून बसलो आणि सरळ दिसलं, निळ्या सगळ्या एडिटिंग नाहीतर ब्राउझरमध्ये, काळ्या सगळ्या गेममध्ये, एकही सरमिसळ नाही. म्हणजे हे दोन वेगळे आजार होते.

निळ्यांचे कोड दर वेळी वेगळे, कधी मेमरी मॅनेजमेंट, कधी आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल, कधी पेज फॉल्ट. ड्रायव्हर बिघडला असेल तर बहुतेक वेळा तोच तो कोड नाहीतर त्याच फाइलचं नाव परत परत येतं, रोज नवा कोड म्हणजे आधी रॅम बघायची. पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर चालवलं, फुकटच्या आवृत्तीत ४ पास म्हणजे पूर्ण तपासणीच्या ४ फेऱ्या मिळतात, रात्री लावून झोपलो आणि सकाळी बघतो तर स्क्रीनभर लाल ओळी. मग एकेक स्टिक वेगळी तपासली, चारही चांगल्या! प्रोसेसरच्या अधिकृत माहितीत दोन स्टिकसाठी ५२०० चा स्पीड दिलाय आणि चार लावल्या तर फक्त ३६००, आणि मी एक्स्पो (रॅम जास्त स्पीडवर चालवणारं बायोसमधलं तयार सेटिंग) ऑन करून चारही ६००० वर पळवत होतो, त्यातही ती दोन वेगवेगळी किट, म्हणजे एका पाकिटात मिळणाऱ्या स्टिकच्या दोन जोड्या. मॉडेल नंबर सेम आहे म्हणून चालेल असं मी धरून चाललो होतो. ३६०० वर आणल्या तर चारही स्टिकवर ४ पास स्वच्छ.

काळ्या स्क्रीनचं मात्र काहीच हाती लागत नव्हतं. क्रॅशची माहिती साठवणारी डंप फाइल नाही, विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये नुसतं कर्नल-पॉवर ४१ आणि बगचेक कोड ०, म्हणजे निळ्या स्क्रीनचा कोडच नाही. हा ४१ म्हणजे कारण नव्हे, मशीन नीट बंद न होता परत सुरू झालं एवढंच तो सांगतो. सॉफ्टवेअरमध्ये १२ व्होल्ट ठीक दिसत होते, पण क्षणभराची पडझड त्या सेन्सरला पकडता येत नाही. म्हणून कॅबिनेटची मागची बाजू उघडली आणि टॉर्च घेऊन एसएमपीएसच्या झाकणाखाली अक्षरशः आडवा झालो. कार्डाला मी एकच केबल दिली होती, जिच्या टोकाला दोन कनेक्टर असतात ती, आणि तिचं एसएमपीएसकडचं टोक पूर्ण बसलेलंच नव्हतं, खालच्या बाजूला नखाएवढी फट, वरची खटकी कडेवर नुसती टेकलेली. अंगठ्याने दाबलं तर टक्क आवाज आला. तो आवाज पाच महिन्यांपूर्वी यायला हवा होता. तरी नुसतं दाबून सोडलं नाही, एका ८ पिन कनेक्टरचं रेटिंग १५० वॉटचं असतं, तेव्हा दोन्ही कनेक्टरना वेगवेगळ्या केबल दिल्या.

दोन्ही दुरुस्त्या मुद्दाम दहा दिवसांच्या अंतराने केल्या, वहीत वेगळ्या लिहिल्या. आधी केबल, काळ्या थांबल्या आणि निळ्या चालू राहिल्या, आणि या वेळी मी केबल परत काढली नाही. मग रॅम.

आता दोनच स्टिक ठेवल्यात, बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे ए२ आणि बी२ मध्ये, ६००० वर. अधिकृत आकड्यापेक्षा हेही जास्तच आहे, म्हणून ४ पास दोन रात्री चालवले तेव्हाच विश्वास ठेवला. ३२ जीबीमध्ये मोठ्या प्रोजेक्टला कधी कधी ओढाताण होते, ज्यांना ६४ हवीच आहे त्यांनी सरळ दोन स्टिकचं ६४ चं एकच किट घ्यावं. मशीनवर मी आता मनापासून खूश आहे, रेंडर रात्रभर लावून निवांत झोपतो. एक तक्रार उरलीय, चालू व्हायला वेळ लागतो कारण दर वेळी रॅमचं ट्रेनिंग होतं, म्हणजे बोर्ड रॅमची सेटिंग नव्याने जुळवून बघतो. बायोसमध्ये मेमरी काँटेक्स्ट रिस्टोअर ऑन केलं की आधीची जुळवणीच वापरली जाते आणि बूट पटकन होतं, पण काही बोर्डांवर त्याने रॅम पुन्हा डळमळते असं वाचलं, म्हणून ते ऑफच ठेवलंय, वहीत तशी नोंदही आहे.