जीएसएक्स-एस १००० जीटी : टेस्ट राइड घेतली एकदाची!

सुझुकीची ही बाईक २०२१ मध्ये आली तेव्हापासून चालवायची होती. शोरूमवाल्याने जेमतेम वीस मिनिटं दिली, त्यातली पाच सिग्नलवर गेली, पण जेवढी चालवली तेवढ्यात जीव अडकला राव. ९९९ सीसीचं इनलाइन फोर (एका ओळीत चार सिलिंडरचं) इंजिन, मूळ २००५ च्या जीएसएक्स-आर १००० चं, म्हणजे वंश रेसवाल्यांचाच, फक्त आता जरा शहाणा झालाय. खालच्या आरपीएमलाही कुरकुर न करता ओढतं आणि वर गेलं की जो आवाज निघतो ना, आहाहा! क्विकशिफ्टर, म्हणजे क्लच न दाबता गिअर बदलायची सोय, वर-खाली दोन्ही बाजूंनी चालतो, क्लच कुठे आहे ते विसरायलाच होतं. हँडल उंच, त्यामुळे मनगटं सुटली बिचारी.

वजन २२६ किलो, चालताना जाणवत नाही पण पार्किंगमधून मागे ढकलताना बरोब्बर आठवतं. सीट ८१० मिमी, माझे पाय टेकले. क्रूझ कंट्रोल आहे, टाकी १९ लिटरची. आयएमयू (गाडी किती कललीय ते मोजणारा सेन्सर) मात्र नाही, म्हणजे वळणात कललेलं असताना ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारं कॉर्नरिंग एबीएस पण नाही, लांबच्या पावसाळी राइडचं डोक्यात असेल तर याचा विचार आधी करा. मी करतोय, पण मन ऐकेना.