जुनी आरएक्स-८ घेताना माझे ८,७५,००० रुपये कसे गेले, नीट वाचा

५१,००० टोकन यूपीआयने, ७,००,००० आरटीजीएसने आणि १,२४,००० रोख. रोखीची पावती नाही. एकूण ८,७५,०००. वर गाडी उचलून न्यायला १८,५०० आणि इंजिन खोलून बघायला २२,०००. एवढे पैसे घालून घेतलेली माझदा आरएक्स-८ आज पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी आहे. विकणारा मात्र इथेच नाशकात राजरोस फिरतोय आणि आणखी एका गाडीची जाहिरात लावून बसलाय.

"असली गाडी घ्यायचीच कशाला" हे घरच्यांकडून पोटभर ऐकून झालंय, तुम्ही नका सांगू. माझदाने आपल्याकडे कार कधी विकल्याच नाहीत, लोकांना स्वराज माझदाचा टेम्पो तेवढा ठाऊक. स्पेअर मिळणार नाहीत हे मला माहीत होतं. मी सातपूरला टूलरूममध्ये काम करतो, डोळे झाकून सौदा करणारा माणूस नाही. आरसी बघितली, बिल ऑफ एंट्री म्हणजे आयातीचा कस्टमचा कागद मागून घेतला, चासी नंबर स्वतः फडक्याने पुसून जुळवला. कागद चोख होते. खोट इंजिनात होती, आणि ती झाकायला पद्धतशीर तयारी केली होती.

त्र्यंबक रोडला ट्रायल घेतली. गाडी सुरेख पळाली, ९००० आरपीएमच्या जवळ काटा गेला तरी आवाजात कुठे खरखर नाही. परत येताना चहाला थांबलो. मी चावीकडे हात नेला तर विकणाऱ्याने माझं मनगटच धरलं. "सर, रोटरी आहे. अशी बंद नाही करायची, फ्लड होते." आणि आम्ही चहा संपवेपर्यंत गाडी रस्त्याकडेला चालूच होती. तो तिच्याजवळून हलला नाही.

तिथेच सगळं होतं. या गाडीचं इंजिन रोटरी, म्हणजे पिस्टनऐवजी आत तिकोनी रोटर फिरतात. रोटरी थंड असताना सुरू करून लगेच बंद केली तर प्लग पेट्रोलने भिजतात आणि मग ती सुरू व्हायला छळते, हे शंभर टक्के खरं आहे. पण आम्ही चांगलं लांब जाऊन आलो होतो, टेंपरेचरचा काटा मध्यावर होता. गरम इंजिनाला हा नियम लागूच होत नाही. उलट रोटरीचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत हवा दाबून धरायची ताकद, गेलं असेल तर ते गरम झाल्यावरच उघडं पडतं. थंड असताना गाडी सुरू होते, गरम असताना बंद केली की स्टार्टर नुसता फिरत राहतो. तो अर्धं खरं बोलत होता आणि ते अर्धं मीही वाचलेलं होतं, म्हणून मला तो जाणकार वाटला. माझ्या जागी या इंजिनाचा अभ्यास केलेला कुणीही असता तरी मान डोलावली असती. अभ्यास नसलेल्याने कदाचित चावी फिरवली असती, याचाच जास्त संताप येतो.

गरम इंजिन बंद करा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा स्टार्ट मारा. मालक नको म्हणाला तर तिथूनच रिक्षा करून घरी या.

"नवी बॅटरी आणि नवा स्टार्टर टाकून दिलाय, माझ्याकडून भेट," असंही तो म्हणाला होता. भेट कसली! स्टार्टर जोरात फिरला की मेलेलं इंजिनही पेट घेतं आणि कॉम्प्रेशनचा आकडाही फुगतो. म्हणून तर माझदाचं मोजमाप २५० आरपीएमला धरलेलं आहे. त्याने दाखवलेला कॉम्प्रेशन रिपोर्ट साध्या पिस्टनच्या गेजवर काढलेला होता. एका रोटरला तीन बाजू असतात. साधं गेज त्यातला सगळ्यात मोठा आकडा धरून ठेवतं, बाकीच्या दोन बाजू फाटलेल्या असल्या तरी कळत नाही. दोन रोटरचे सहा आकडे हवेत. सहा नसतील तर तो कागद फाडून टाका.

गाडी घेतल्यावर इगतपुरीला वडापाव खायला थांबलो, तिथे ती पुन्हा सुरूच झाली नाही. फ्लॅटबेडवर घालून मुंबईकडच्या एका मेकॅनिककडे नेली. कॉम्प्रेशनची कंपनीची किमान मर्यादा चौरस सेंटीमीटरला ६.९ किलो आहे. माझे आकडे पुढच्या रोटरला ५.९, ५.६, ४.१ आणि मागच्याला ५.४, ५.२, ५.१. नाशिकच्या उंचीमुळे थोडा फरक पडतो म्हणावं, तर हे मोजलं मुंबईजवळ. अपेक्स सील (रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या) झिजलेली, हाउसिंगवर म्हणजे रोटरभोवतीच्या कवचावर नखाला लागतील असे चरे, आणि ऑइल काकवीसारखं घट्ट. दुरुस्तीचा अंदाज ५,४०,००० रुपये. विम्यात बसत नाही.

आता सरकारी दारं. पोलीस ठाण्यात अर्ज दिला. समोरच्याने माझ्याच तोंडून ऐकून "इंजिनातील पिस्टन गायब" असं लिहिलं. साहेब, या इंजिनात पिस्टन नसतोच, दुरुस्त करा म्हटलं तर, "मग तक्रार कशाची आहे?" भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ सांगितलं, खोटा रिपोर्ट दाखवला. उत्तर एकच: दिवाणी बाब आहे, वकील लावा. ग्राहक आयोगाचं विचारलं तर म्हणे खासगी माणसाने खासगी माणसाला विकलेली गाडी, टिकणार नाही. अरे, खासगी कसला? वर्षभरात किती गाड्या विकल्यात त्याच्या जाहिरातींवरून दिसतंय. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला परिवहन विभागाकडून अधिकृत प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्या खिडकीवर गेलो. "त्याचं नाव आमच्या यादीत नाही, त्यामुळे त्याच्यावर कारवाई आम्ही कशी करणार?" विनापरवाना धंदा करणारा यादीत असेल कसा? प्रमाणपत्र घेतलेल्याला नियम, न घेतलेल्याला मोकळं रान. दोन तास उभं राहून मला हे ऐकवलं गेलं, आणि पोच मागितली तर शिक्का जेवायला गेलेल्या माणसाच्या कपाटात!

रोखीने एक रुपयाही देऊ नका. माझ्या १,२४,००० चा आज काहीही पुरावा नाही. आणि बोलणं फोनवर न करता व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या, "इंजिन नुकतंच रिबिल्ड केलंय" हे त्याने तोंडीच सांगितलं होतं.

पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज पाठवलाय, तिथे दखल घेतली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाणार. चहाला थांबल्यावर गाडी बंद करू न देणाऱ्या माणसाकडून नाशकात आणखी कुणी गाडी घेतली असेल तर बँकेचे उतारे आणि जाहिरातीचे स्क्रीनशॉट जपून ठेवा, आणि तुमचाही अर्ज द्या, पोच घेऊनच.